नक्कल करायलाही अक्कल लागते!



आज तुमच्यातल्याच एकाचं पत्र समोर ठेवून बोलणार आहे. पत्र लिहिणारा आठवीत शिकतो. नाव मुद्दामच सांगत नाही. पण त्याचा प्रश्न असा आहे, की तो आज ना उद्या तुमच्याही घरी उभा राहील.

तो लिहितो, "आमच्याकडे एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स आहे, डेबियन १२. आता डेबियन १३ आलंय, म्हणून मला अपग्रेड करायचंय. दादा म्हणतो, 'करतोच आहेस तर फाइलसिस्टीमही बदलून टाक. एक्स्ट-४ जुनाट झालं, बटर-एफएस घे.' बाबा म्हणतात, 'चालतंय ना नीट? मग हात लावायचा नाही!' कारण त्याच संगणकात आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ताईनं त्या आजीच्या आवाजात रेकॉर्ड केल्या होत्या. आता आजी नाही. मी कुणाचं ऐकू?"

पाहिलंत? प्रश्न संगणकाचा दिसतो, पण खरा प्रश्न ओव्यांचा आहे. डेबियन बिघडलं तर पुन्हा घालता येतं, तेही फुकट. आजीच्या ओव्या मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.

तेव्हा आधी दादाचं आणि बाबांचं म्हणणं तपासू. मग शेवटी आपल्या मित्राला उत्तर देऊ.

हात लावायचाच नाही?

बाबांची काळजी खरी आहे. पण "हात लावायचा नाही" हा नियम कायमचा चालत नाही. का ते सांगतो.

संगणकाच्या कामात रोज कुठे ना कुठे भोकं सापडत असतात. चोरट्यांना आत शिरता येईल अशी भोकं. डेबियन सांभाळणारी जगभरातली स्वयंसेवक मंडळी ती बुजवत राहतात, पण प्रत्येक आवृत्तीसाठी याची मुदत ठरलेली असते. आधी तीन वर्षं पूर्ण देखभाल, त्यानंतर दोन वर्षं मर्यादित देखभाल. डेबियन १२ बाहेर पडलं १० जून २०२३ रोजी. म्हणजे २०२८ च्या जूननंतर त्याची ही मुदत संपणार. त्यानंतरही संगणक चालेल हो, पण दाराचं कुलूप तुटलं तर दुरुस्त करायला कुणी येणार नाही. डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ रोजी. तेव्हा आज घाई नाही, पण कधीतरी उठावं लागणारच.

इथे एक गंमत सांगतो. डेबियनच्या आवृत्त्यांना नावं असतात, आणि ती सगळी 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची! बारावी 'बुकवर्म', तेरावी 'ट्रिक्सी'. डेबियनचे सुरुवातीचे एक प्रमुख ब्रूस पेरेन्स हे त्या वेळी 'टॉय स्टोरी' बनवणाऱ्या पिक्सारमध्येच काम करायचे, म्हणून ही नावं. आणि ज्या आवृत्तीत अगदी ताजं, न तपासलेलं सामान येऊन पडतं, तिचं नाव कायम 'सिड'. सिड कोण, आठवतंय ना? खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा! सिडमधून सामान तावून सुलाखून पुढे चाचणीच्या आवृत्तीत जातं, आणि साधारण दोन वर्षांनी सगळं घट्ट झालं की 'स्थिर' आवृत्ती बाहेर पडते. म्हणजे 'तेरावी आली' याचा अर्थ कालच कुणी लिहिली असा नव्हे. तिच्यामागे पुष्कळ तपासणी झालेली असते.

गोदाम आणि मुनीमजी

आता दादाचं म्हणणं. त्यासाठी फाइलसिस्टीम म्हणजे काय ते आधी समजून घेऊ.

तुमची हार्ड डिस्क म्हणजे एक भलंमोठं गोदाम समजा. त्यात कोट्यवधी लहान लहान खण. एक गाणं साठवायचं तर त्याचे तुकडे कित्येक खणांत जाऊन बसतात. कुठला तुकडा कुठल्या खणात, हे लिहून ठेवणारे मुनीमजी म्हणजे फाइलसिस्टीम. मुनीमजींची वही फाटली तर माल गोदामातच असतो, पण सापडत नाही. करोडो खणांत आजीची ओवी शोधणार कुठे?

म्हणून लक्षात ठेवा, अपग्रेड करणं आणि फाइलसिस्टीम बदलणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. डेबियन १२ वरून १३ वर गेलात तरी तुमचे मुनीमजी तेच राहतात. एक्स्ट-४ असेल तर एक्स्ट-४ च. अपग्रेड म्हणजे दुकानाची डागडुजी. फाइलसिस्टीम बदलणं म्हणजे मुनीमजीच बदलणं. दोन्ही एकाच दिवशी केलं आणि काही बिघडलं, तर दोष कुणाचा हे कळायचं कसं?

आता लिनक्सच्या मुनीमजींची वंशावळ ऐका, म्हणजे 'जुनाट' आणि 'नवं' या शब्दांमागे काय असतं ते कळेल.

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स लिहायला घेतलं. तेव्हा मुनीमजी उसने होते, 'मिनिक्स' नावाच्या दुसऱ्या एका प्रणालीचे. त्यांना ६४ मेगाबाइटपेक्षा मोठं गोदाम सांभाळता येत नसे, आणि फाइलचं नाव १४ अक्षरांपेक्षा लांब चालत नसे. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांनी लिनक्ससाठी खास 'एक्स्ट' बनवली, आणि १९९३ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती, एक्स्ट-२.

एक्स्ट-२ चे मुनीमजी कामाला वाघ, पण एक अडचण होती. वहीत नोंद अर्धी झाली आणि वीज गेली, तर? आपल्याकडे भारनियमनात वाढलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नकोच! वीज परत आली की मुनीमजींना संपूर्ण वहीचा मेळ पुन्हा घालत बसावं लागे. गोदाम मोठं असेल तर तासभरसुद्धा.

यावर उपाय एक्स्ट-३ नं आणला, आणि तो आपल्या किराणा दुकानदारांना आधीपासून ठाऊक होता. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो, मग खतावणीत चढवतो. एक्स्ट-३ नं तेच केलं. "मी आता अमुक बदल करणार आहे" हे आधी रोजकीर्दीत, मग मुख्य वहीत. वीज गेली तरी उठल्याबरोबर रोजकीर्द पाहायची आणि अर्धवट राहिलेलं तेवढं निस्तरायचं. तासाचं काम काही सेकंदांत!

विश्वास उगवतो कसा?

इथेच गोष्टीला वळण लागतं. एक्स्ट-३ मुख्य लिनक्समध्ये दाखल झाली ती २.४.१५ या आवृत्तीत, नोव्हेंबर २००१ मध्ये. लोकांनी आनंदानं अपग्रेड केलं. आणि काय झालं? त्याच आवृत्तीत डिस्क बंद करून ठेवण्याच्या वेळची एक चूक राहून गेली होती, आणि तिच्यामुळे फाइलसिस्टीमच बिघडत होती. चूक एक्स्ट-३ ची नव्हती, दुसरीकडचीच होती. पण ज्याची वही बिघडली त्याला त्याचं काय? काही दिवसांतच घाईघाईनं २.४.१६ काढावी लागली. जे आठवडाभर थांबले, ते वाचले.

पुढे डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ आवृत्तीत एक्स्ट-४ 'तयार' म्हणून जाहीर झाली. हे मुनीमजी आणखी हुशार. माल आला की लगेच खणात ठेवायला धावत नाहीत. थोडा वेळ थांबतात, बराच माल जमू देतात, मग शेजारशेजारच्या खणांत व्यवस्थित लावतात. काम झटपट होतं. पण २००९ च्या सुरुवातीला काही लोकांच्या तक्रारी आल्या. संगणक अचानक बंद पडला, पुन्हा सुरू केला, तर काही फाइली जागेवर होत्या आणि आत शून्य अक्षरं! मुनीमजींनी नाव लिहून ठेवलं होतं, पण माल अजून हातातच होता.

यावर एक्स्ट-४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचं म्हणणं असं, की महत्त्वाचं काही लिहिलं की 'आत्ताच्या आत्ता खणात ठेव' अशी आज्ञा द्यायची सोय आहे, ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी वापरायला हवी. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. लोकांचे प्रोग्रॅम जसे आहेत तसे गृहीत धरून त्यांनी एक्स्ट-४ मध्येच सांभाळून घेणारी दुरुस्ती केली, आणि ती त्याच वर्षी २.६.३० आवृत्तीत आली.

लक्षात आलं का? आज दादा ज्या एक्स्ट-४ ला जुनाट म्हणतो, तिचाही एकेकाळी 'नव्या सुनेचा' काळ होता. आज आपण तिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतो, तो ती जन्मतः निर्दोष होती म्हणून नव्हे. तिच्या चुका पुष्कळ लोकांच्या पुष्कळ संगणकांवर पुष्कळ वर्षांत सापडल्या आणि दुरुस्त झाल्या म्हणून. विश्वास विकत मिळत नाही, तो वर्षांवर साठतो.

बटर-एफएस नावाचे नवे मुनीमजी

आता दादाची लाडकी बीटीआरएफएस. लोक तिला लाडानं 'बटर-एफएस' म्हणतात. लोण्याशी संबंध नाही बरं का! २००७ मध्ये क्रिस मेसन यांनी ती लिहायला घेतली, आणि २००९ मध्ये ती लिनक्समध्ये आली.

हिच्यात तीन गोष्टी खरोखर छान आहेत. पहिली गोष्ट, हे मुनीमजी जुनी नोंद खोडून त्यावर लिहीत नाहीत. कोऱ्या पानावर नवी नोंद करतात, ती पूर्ण झाली की मगच अनुक्रमणिका बदलतात. दुसरी, प्रत्येक नोंदीचा आणि मालाचा ते 'ताळा' लिहून ठेवतात. गणितात उत्तर बरोबर आलं का हे पाहायला ताळा करतो ना, तसाच. पुढे कधी डिस्क कुजली आणि एखादं अक्षर आपोआप बदललं, तर ताळा जुळत नाही आणि चोरी लगेच पकडली जाते. एक्स्ट-४ आपल्या वहीतल्या नोंदींचा ताळा ठेवू शकते, पण खणातल्या मालाचा ठेवत नाही. तिसरी, संपूर्ण गोदामाचं 'क्षणचित्र' पापणी लवायच्या आत काढता येतं. जुनी पानं खोडलेली नसतातच, मग ती जपून ठेवली की झालं! अपग्रेडच्या आधी क्षणचित्र काढायचं, अपग्रेड फसलं तर मागे यायचं. काही लिनक्समध्ये ही सोय तयारच मिळते.

मग दादाचं ऐकावं का? थांबा. ताळ्याबद्दल एक बारकावा ऐका. डिस्कवर मालाची एकच प्रत असेल, तर ताळा फक्त एवढंच सांगतो, "हे बिघडलंय." दुरुस्त करायला त्याला दुसरी चांगली प्रत लागते. ती नसेल तर ओवी गेली ती गेलीच, फक्त गेल्याची बातमी वेळेवर मिळते! आणि क्षणचित्र असतं त्याच डिस्कवर. डिस्क मेली की क्षणचित्रही मेलं.

मोठ्या माणसांनी बटर-एफएसबद्दल काय ठरवलं तेही पाहण्यासारखं आहे. 'सूसे' कंपनीनं २०१४ मध्ये आपल्या मोठ्या ग्राहकांच्या लिनक्समध्ये मूळ प्रणालीसाठी तीच नेमली. 'फेडोरा'नं ऑक्टोबर २०२० पासून घरगुती संगणकांसाठी तीच नेमली. पण फेडोराला पाठबळ देणाऱ्या 'रेड हॅट'नं २०१९ मध्ये आपल्या कंपन्यांसाठीच्या आठव्या आवृत्तीतून तीच काढून टाकली! एकाच घरात दोन मतं. आणि डेबियन? त्याची स्थापना करताना तुम्ही काही वेगळं सांगितलं नाहीत तर ते एक्स्ट-४ च देतं.

म्हणजे कुणीतरी मूर्ख आहे असं नव्हे. प्रत्येकाची गरज वेगळी, प्रत्येकाकडे दुरुस्ती करणारी माणसं वेगळी. एका साध्या डिस्कवर बटर-एफएस आज हजारो घरांत व्यवस्थित चालते. पण अनेक डिस्क एकत्र बांधण्याची 'रेड-५' आणि 'रेड-६' नावाची पद्धत तिच्यावर वापरू नका, असं तिचे कर्तेच आपल्या माहितीपत्रात लिहितात. स्वतःची कमजोरी लिहून ठेवणारा मुनीम चांगला असतो. पण ती वाचायचं काम आपलं!

आणखी एक ताजी गोष्ट. 'बीकॅश-एफएस' नावाची आणखी नवी फाइलसिस्टीम जानेवारी २०२४ मध्ये लिनक्सच्या ६.७ आवृत्तीत आली. हुशार मंडळींनी तिचं कौतुक केलं. पण तिचे लेखक केंट ओव्हरस्ट्रीट आणि टोरवाल्ड्स यांच्यात, दुरुस्त्या केव्हा आणि कशा पाठवायच्या या नियमांवरून खटके उडाले. २०२५ च्या अखेरीस आलेल्या ६.१८ आवृत्तीतून ती काढूनही टाकली गेली. ती आता वेगळी मिळते, लिनक्सला नंतर जोडून घ्यावी लागते. विचार करा, एखाद्यानं घरचे सगळे फोटो तिच्यावर ठेवले आणि न वाचता अपग्रेड केलं, तर नवं लिनक्स त्या गोदामाकडे पाहून म्हणणार, "हे मुनीमजी कोण? मी ओळखत नाही!" नुसती हुशारी पुरत नाही. बरोबरीनं काम करणारी माणसं आणि टिकून राहिलेली वर्षंही लागतात.

मग जुनं तेच सोनं?

"हं, म्हणजे बाबा जिंकले!" असं म्हणताय ना? घाई नको.

डिसेंबर २०२३. डेबियन १२.३ ही छोटी सुधारणा ९ तारखेला यायची होती. ऐनवेळी कळलं, की तिच्यातल्या लिनक्सच्या ६.१.६४ या गाभ्यात चूक आहे आणि तिनं फाइली बिघडू शकतात. कुठल्या फाइलसिस्टीमवर? आपल्या जुन्या, विश्वासू एक्स्ट-४ वर! डेबियननं लोकांना थांबायला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त केलेली १२.४ आवृत्ती काढली. पंधरा वर्षांच्या मुनीमजींचाही हात एक दिवस थरथरला.

तेव्हा नव्यावर डोळे मिटून विश्वास नको, आणि जुन्यावरही नको. मग विश्वास ठेवायचा कशावर? दुसऱ्या प्रतीवर! शाळेत नक्कल केली तर छडी मिळते, पण संगणकाच्या जगात नक्कल करणाराच शहाणा.

मात्र नक्कल करायलाही अक्कल लागते. डेबियनला खेळण्यांची नावं देणाऱ्या 'टॉय स्टोरी'चीच गोष्ट ऐका. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' तयार होत होता. कुणाच्या तरी हातून पुसून टाकण्याची आज्ञा भलत्याच ठिकाणी दिली गेली आणि पात्रं, दृश्यं भराभर नाहीशी होऊ लागली. मंडळी म्हणाली, काळजी नको, आपल्याकडे प्रत आहे. प्रत उघडली तर काय! ती कित्येक दिवस नीट घेतलीच जात नव्हती, आणि कुणी तपासलंही नव्हतं. वाचवलं कुणी? गॅलिन सुस्मन या तांत्रिक दिग्दर्शिकेनं. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची बरीचशी ताजी प्रत होती. तो संगणक गोधडीत गुंडाळलेल्या बाळासारखा जपून गाडीतून स्टुडिओत आणला गेला!

म्हणून मी म्हणतो, उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच, ती फक्त समजूत.

आता आपल्या मित्राला उत्तर

मित्रा, बाबांची काळजी बरोबर आहे, दादाची उत्सुकताही बरोबर आहे. फक्त दोघांनी एक पायरी गाळली. तू असं कर.

एक. संगणकाला हात लावण्याआधी ओव्यांच्या प्रती कर. नियम सोपा आहे, ३-२-१. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यातली एक घराबाहेर. संगणकातली एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक पेनड्राइव्हवर मामाच्या घरी. प्रत करून झाली की पेनड्राइव्ह खस्सकन उपटू नकोस. 'सुरक्षित काढा' ही आज्ञा दे. एक्स्ट-४ चे मुनीमजी माल हातात धरून थांबतात हे आठवतंय ना? मग तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावून प्रत्येक ओवी शेवटपर्यंत ऐक. बाबांना शेजारी बसवून ऐक.

दोन. डेबियनची 'प्रकाशन टिपणं' वाच. कंटाळवाणी असतात, पण सोनं असतं त्यात. उदाहरणार्थ, तुमचा संगणक जुना आहे ना? तो ३२ बिटांचा असेल आणि त्यावर ३२ बिटांचं डेबियन असेल, तर टिपणांत स्पष्ट लिहिलंय की १३ वर जाऊ नका, कारण तसल्या यंत्रांसाठी डेबियनचा गाभा आता दिला जात नाही. अजून एक, तात्पुरत्या फाइलींचा 'टीएमपी' कप्पा १३ पासून डिस्कवर नसून मेमरीत असतो. संगणक बंद केला की तो रिकामा. तिथे काही ठेवलं असेल तर आधी हलव.

तीन. जिना एकेक पायरीनं चढायचा. १२ वरून १३ चालेल. कुणाकडे ११ असेल तर त्यानं आधी १२, मगच १३. उडी मारायची नाही. आणि आवृत्ती आल्याच्या पहिल्याच दिवशी नळावर पहिला नंबर लावायची गरज नसते. उबुंटूसुद्धा आपल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून पुढच्या तशा आवृत्तीवर जायला लोकांना लगेच बोलावत नाही. पहिली दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत थांबवतं.

चार. बाहेरून आणून जोडलेलं सामान आधी बाजूला काढ, डिस्कवर पुरेशी जागा आहे का पाहा, आणि वीज जाणार नाही अशी सोय कर. इन्व्हर्टर असेल तर उत्तम. नसेल तर आभाळ गडगडत असताना हे काम काढू नकोस. मध्येच बंद करायचं नाही. जेवायला हाक आली तरी!

पाच. परतीची वाट ठेव. डेबियन शक्यतो जुना गाभाही ठेवतं. नव्यानं संगणक सुरू झाला नाही, तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडता येतो. शिवाय डेबियनचा एक 'लाइव्ह' पेनड्राइव्ह आधीच करून ठेव. संगणक रुसला तरी त्यावरून सुरू करून आतल्या फाइली पाहता येतात. ही युक्ती तुझ्या घरातला मोबाईलही वापरत असेल! अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून त्यात प्रणालीसाठी दोन खोल्या ठेवायची सोय आली. तू एका खोलीत राहत असतोस, नवी आवृत्ती दुसरीत लावली जाते. पुढच्या वेळी फोन तिथून उठतो. नाही उठला तर पहिल्या खोलीत परत. मोठमोठ्या कंपन्यांनाही परतीची वाट ठेवावीशी वाटते, मग आपण का लाजायचं?

सहा. बटर-एफएसची हौस जरूर भागव, पण ओव्यांवर नको. एखादी जुनी, रिकामी हार्ड डिस्क माग. तिच्यावर बटर-एफएस घाल. क्षणचित्रं काढ, मुद्दाम फाइली पुसून परत आण, धडपड. एक्स्ट-४ ची जागच्या जागी बटर-एफएस करणारं साधनही मिळतं, पण तो प्रयोगही याच डिस्कवर. वर्षभर नीट चाललं आणि तुला ती समजली, की ओव्यांची चौथी प्रत तिच्यावर ठेव. चौथी हं, पहिली नाही! मग तिचा ताळा तुझ्यासाठी पहारा करील. एक प्रत कुजली तर तो ओरडेल, आणि तुझ्याकडे बदली प्रत तयार असेल.

बघ, असं केलं की बाबाही बरोबर ठरतात आणि दादाही.

पालकांसाठीही दोन ओळी. मुलांना "हात लावू नको" म्हणण्यापूर्वी घरातल्या फोटोंच्या आणि आवाजांच्या किती प्रती आहेत ते विचारा. एकच असेल, तर धोका मुलाच्या हातात नाही, त्या एका डिस्कमध्ये आहे. ती डिस्क कुणी हात न लावताही एक दिवस बंद पडणारच. प्रती करून, तपासून दिल्यावर मुलाला खुशाल प्रयोग करू द्या. शेजारी बसा, तुम्हालाही शिकायला मिळेल.

आणि तुम्हा सगळ्यांना या आठवड्याचा गृहपाठ. घरातली अशी एक गोष्ट शोधा, जी गेली तर पुन्हा मिळणार नाही. आजोबांचं पत्र असेल, ताईच्या बारशाचा फोटो असेल, नाहीतर कुणाचा आवाज. तिच्या प्रती मोजा. तीन भरल्या नाहीत, तर रविवारपर्यंत भरा. आणि हो, प्रत्येक प्रत उघडून पाहायला विसरू नका!

आपल्या मित्राचं काय झालं ते त्यानं कळवलं, की तुम्हालाही सांगेन. तोवर, भरपूर नक्कल करा. फक्त परीक्षेत नको, एवढंच!